‘हें मीं केलें’

एखाद्या वस्तूविषयीं ‘ही मीं केली’ असें म्हणण्याचा अधिकार मनुष्यास केव्हां प्राप्त होतो, या प्रश्नाचा आम्हीं आजवर गंभीरपणें कधीं विचार केला नव्हता. कुंभार माती करीत नाहीं, सुतार लांकूड करीत नाहीं, गृहिणी तांदूळ करीत नाहीं; तरी मडकें, पाट व भात यांचे कर्ते कोण याविषयीं कोणी वाद घालीत नाहीं. आम्हांला हा प्रश्न घातला तो एका खेळण्याच्या तलवारीनें, आणि तोही खंडेनवमीच्या दिवशीं.

‘स्टार वॉर्स’ या १९७७ सालच्या अमेरिकन चित्रपटांतील प्रकाशाची तलवार वाचकांनीं नाहीं तरी त्यांच्या मुलांनीं खास पाहिली असेल. मुठीवरील कळ दाबतांच तींतून प्रकाशाचें पातें निघतें व गुणगुणूं लागतें. त्या कथेंतील वीरांचा असा दंडक आहे कीं, प्रत्येकानें आपली तलवार आपणच घडवावी. १९८३ सालच्या ‘रिटर्न ऑफ द जेडाय’ या चित्रपटांत नायक स्वतः केलेली तलवार घेऊन येतो, आणि त्याचा शत्रु झालेला बापसुद्धां ती निरखून मुलाची विद्या पुरी झाल्याचें मान्य करतो. हा दंडक आमच्या बारा वर्षांच्या पुतण्याच्या मनांत भरला. “विकतची नको, काका, आपण करूं,” असा त्यानें हट्ट घेतला. पन्नाशी उलटलेल्या गृहस्थानें असल्या उद्योगांत चार महिन्यांचे रविवार घालवावे काय, हा निराळ्या निबंधाचा विषय आहे. आमच्या घरीं तो तोंडीं पुष्कळदां चर्चिला गेला आहे.

तलवारीची रचना ऐकावयास सोपी आहे. धातूची पोकळ मूठ. तींत लिथियमचा एक घट, एक तेजस्वी एलईडी, एक चिमुकला ध्वनिवर्धक, आणि हालचाल ओळखून त्याप्रमाणें आवाज काढणारी नखाएवढी पट्टी. पातें म्हणजे पॉलिकार्बोनेटची नळी. तिच्या आंत अर्धपारदर्शक कागदासारखी पटलाची गुंडाळी बसवितात, व टोंकाशीं लहानसा आरसा लावतात, म्हणजे खालून आलेला प्रकाश परतून नळीभर सारखा पसरतो. हें सर्व सामान आम्हीं मुंबईस लॅमिंग्टन रोडवरून व कांहीं टपालानें मागवून जमविलें. आमच्याकडे राहिलें तें मुख्यतः डाख देण्याचें काम, म्हणजे कथलाचा रस सोडून तारा जोडणें.

पहिलाच डाव फसला. निळा दीप आम्हीं सरळ घटाला जोडला, आणि उष्णता वाहून नेणारी धातूची चकतीही त्यामागें बसविली नाहीं. दीप क्षणभर डोळे दिपवून गेला आणि कायमचा विझला. मग पुस्तकें उघडलीं. भरलेल्या घटाचा दाब ४.२ व्होल्ट, लाल दिव्यास सुमारें २.२ पुरतात. प्रवाह एक अँपियरवर ठेवावयाचा तर मधले दोन व्होल्ट कोठें तरी खर्चीं पडले पाहिजेत, आणि तें काम दोन ओहमचा एक रेझिस्टर स्वतः तापून करतो. शाळेंत पाठ केलेला ओहमचा नियम चाळीस वर्षांनीं आमच्या बोटांस चटका देऊन समजला. लाल दीप लागला त्या संध्याकाळीं पुतण्यापेक्षां आम्हीच अधिक नाचलों, असें घरचे लोक सांगतात.

आवाजाच्या पट्टीनें मात्र आमची परीक्षा पाहिली. तिच्यावर तीन जोड तांदळाच्या दाण्याइतक्या अंतरावर द्यावयाचे होते. आमचा हात कांपला, कथील दोन जोडांवर एकदम पसरलें, आणि तें काढतांना सारेंच बिघडण्याची वेळ आली. मुलगा शाळेंत असतांना आम्ही ती पट्टी गुपचूप एका दुरुस्तीच्या दुकानीं घेऊन गेलों. तेथील तरुणानें भिंगाखालीं पांच मिनिटांत तिन्ही डाख स्वच्छ करून दिले, आणि ही वस्तु कशासाठीं, हेंही विचारलें नाहीं. घरीं आम्हीं हें कोणास सांगितलें नाहीं.

खंडेनवमीस हत्यारांची पूजा होते. मराठींत ‘हत्यार’ हा शब्द मोठा उदार आहे. शिपायाची तलवारही हत्यार आणि सुताराचा रंधाही हत्यार. पुतण्यानें पाटावर पकड, पेंचकस व सोल्डरिंग आयर्न मांडलें, आणि त्यांच्या शेजारीं आपली तलवार ठेवली. शेजारचे आप्पा प्रसादास आले. त्यांचा जन्म कारखान्यांत फिटरचें काम करण्यांत गेला आहे. त्यांनीं मूठ उघडवून घेतली, चष्मा वर सारून आंत पाहिलें आणि विचारलें, “काय हो, हें सगळें डाखकाम तुमच्याच हातचें?” मुलगा आमच्या तोंडाकडे पाहत होता. आम्ही म्हणालों, “होय.”

त्या रात्रीं आम्हांला झोंप आली नाहीं, आणि कां येत नाहीं याचेंच आश्चर्य वाटत राहिलें. दीप आम्हीं केला नव्हता, घट केला नव्हता, पट्टीवर कोरलेली विद्या तर आमच्या सात पिढ्यांस उमगणारी नव्हे. तरी “तलवार आम्हीं केली” असें महिनाभर सांगतांना मनास कांहीं टोंचलें नाहीं. आणि तीन ठिपक्यांएवढ्या कथलासाठीं टोंचावें?

प्रथम आम्हीं मूळ तलवारीचा आधार शोधला. चित्रपटांतील ती मूठ तरी कोणी घडविली होती? रॉजर क्रिश्चन या नेपथ्यकारास लंडनमधील एका छायाचित्रणाच्या दुकानांत ग्राफ्लेक्स कंपनीच्या जुन्या कॅमेऱ्याच्या झगमग दिव्याच्या दांड्या सांपडल्या. त्यांवर त्यानें काळ्या पट्ट्या चिकटविल्या, एका गणकयंत्राच्या कांचेचा तुकडा बसविला, आणि तलवार झाली. तिचा गुणगुणाट बेन बर्ट यानें चित्रपट दाखविण्याच्या यंत्राची घरघर व दूरचित्रवाणी संचाची गुंजन एकत्र करून सिद्ध केला. सारेंच दुसऱ्यांचें! पण या आधारानें आमचें समाधान होईना. हजारों छायाचित्रकारांनीं ती दांडी हातांत धरली होती. तींत तलवार क्रिश्चनला दिसली. ती दृष्टि हेंच त्याचें कर्तृत्व. आम्हांला नवें असें कांहींच दिसलें नव्हतें. आम्हीं दुसऱ्यानें पाहिलेल्या वस्तूची नक्कल करीत होतों. दृष्टि त्याची, सामान कारखान्यांचें. मग आमचें म्हणण्यासारखें काय उरलें? केवळ जोड. आणि त्या जोडांतलाच अवघड भाग आम्हीं परभारें करून घेऊन आपल्या नांवावर मांडला होता.

कोणी म्हणेल, एका खेळण्यापायीं एवढी चिकित्सा कशाला? आमच्या मतें तें खेळणें आहे म्हणूनच. विक्रीच्या वस्तूंत कारागिरास पैसा मिळतो; तो मालाविषयीं खोटें बोलला तर तें पाप खरें, पण निदान त्याच्या पदरीं कांहीं पडतें. छंदाच्या वस्तूस गिऱ्हाईक नसतें. तिची सारी कमाई ‘हें मीं केलें’ या तीन शब्दांत असते, आणि ते खोटे असले तर घरीं येतें तें रिकामें पाकीट. शिवाय ऐकणाराही पाहावा लागतो. “तलवार केली” म्हटल्यानें दीपही आमचा असें कोणी समजत नाहीं, म्हणून तेथें फसवणूक नाहीं. आप्पांनीं नेमकें डाखाविषयीं विचारलें होतें, आणि त्या मुलास तें उत्तर पुढें आयुष्यभर वापरावयाचें होतें.

दसऱ्यास आप्पांना आपट्याचीं पानें देतांना आम्हीं सर्व सांगून टाकलें. ते शांतपणें म्हणाले, “तें मला कालच कळलें. आंत दोन हात दिसतात. तीन डाख आरशासारखे आहेत, बाकीचे ओबडधोबड. पण तुमचेही धरतील. फक्त तार नीट तापूं देत जा, घाई करतां.” एवढें बोलून त्यांनीं पानें कपाळास लावलीं.

मुलास सांगणें अधिक जड गेलें. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “ते तीन काढूं आणि आपण परत लावूं.” या सूचनेवर घरांत दोन दिवस वाद झाला. चांगलें काम केवळ आपल्या अभिमानासाठीं उखडावें काय? आम्हांला तें पटेना. त्या दुकानांतल्या तरुणाचा त्यांत काय अपराध? शेवटीं ते डाख तसेच ठेवले. आतां कोणी मित्र आला कीं पुतण्या मूठ उघडतो, बोट ठेवून दाखवितो, “हे तीन दुकानांतल्या दादाचे, बाकीचे आमचे,” आणि कळ दाबतो. तलवार तांबडी कां, असें मात्र कोणी विचारलें (त्या कथेंत तांबडें पातें दुष्टांच्या हातीं असतें) तर तो आमच्याकडे पाहतो, आणि निळ्या दिव्याची हकीकत आम्हांलाच सांगावी लागते.