जुळवणी: साधन की उपासना?

गावातील भजनाच्या कार्यक्रमापूर्वी देवळात जी तयारी चालते, ती केवळ साधन, म्हणजे साध्य हाती येताच मागे टाकायची पायरी, की स्वतःच उपासना, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. पखवाजाच्या डाव्या तोंडावर ओली कणीक थापून नाद भरीव केला जातो, वादीखालचे लाकडी गठ्ठे हातोडीने सरकवून उजव्या तोंडाचा स्वर गायकाच्या षड्जाशी, अर्थात आधारस्वराशी, मिळवला जातो आणि वादन संपले की कणीक खरवडून टाकली जाते. पुढच्या भजनाला ती नव्याने मळावी लागते. नित्यपूजेचेही तसेच आहे, कारण तेथे कालचे निर्माल्य उतरवल्याखेरीज आजचे फूल वाहिले जात नाही. मात्र हे साम्य ताणून प्रत्येक जुळवाजुळवीला पूजा ठरवणे भाबडेपणाचे होईल. हेच गठ्ठे मैफलीसाठीही तितक्याच निगुतीने ठोकले जातात. भेद कृतीत नसून संकल्पात, म्हणजे कृतीआधी मनाशी केलेल्या निश्चयात, शोधावा लागतो. असा संकल्प वारकरी सप्ताहात, म्हणजे सात दिवसांच्या अखंड नामस्मरणात, दिसतो. तेथे तर वीणा सातही दिवस खाली ठेवली जात नाही. ती पाळीपाळीने पहारा देणाऱ्या एका वीणेकऱ्याच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते.