बंदूक मागण्याचा हक्क

नागपूरजवळची कामठी ही इंग्रजांनी वसवलेली जुनी छावणी. दुसऱ्या महायुद्धात महार रेजिमेंटची दुसरी बटालियन इथेच उभी राहिली. पहिली त्याआधी, ऑक्टोबर १९४१ मध्ये, बेळगावला. १९४६ मध्ये रेजिमेंटचं केंद्रही कामठीत आलं.

या रेजिमेंटच्या जन्मात एक अवघड प्रश्न दडलेला आहे. जे सरकार आपल्या देशाला गुलाम ठेवतंय, त्याच्याच फौजेत जागा मागणं हा स्वाभिमान की लाचारी?

आधी मागणी कुठून आली ते पाहू. कंपनीच्या मुंबई फौजेत महार शिपाई मोठ्या संख्येने होते. फौजेत पगार होता, पेन्शन होती आणि मुलांसाठी शाळा होती. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार अशाच लष्करी शाळेत शिकवत. पण १८९०च्या दशकात इंग्रजांनी काही जातींना ‘लढाऊ’ ठरवलं आणि महारांची भरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकर, शिवराम जानबा कांबळे यांनी त्याविरुद्ध अर्ज केले. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १११ वी महार पलटण उभारली गेली आणि गरज संपताच १९२१ मध्ये मोडलीही. पुन्हा युद्ध आलं. बाबासाहेब सरकारच्या संरक्षण सल्लागार समितीवर होते. त्यांनी रेजिमेंटचा आग्रह धरला आणि तरुणांना भरतीचं आवाहन केलं.

आक्षेप सोपा आहे. महायुद्धाच्या काळात या बटालियन वायव्य सरहद्दीवर होत्या, ब्रह्मदेशाच्या आघाडीवर होत्या, तशाच देशातल्या ‘अंतर्गत सुरक्षे’वरही होत्या. १९४२ मध्ये त्या शब्दाचा अर्थ काय होता, हे सांगायला नको. हा आक्षेप खोडून काढता येत नाही, आणि काढूही नये.

पण तो घेणाऱ्याने एक गोष्ट तपासावी. ज्याच्यासाठी फौजेचं दार उघडं होतं, त्याने ‘मी जाणार नाही’ म्हटलं तर तो त्याग ठरतो. ज्याच्यासाठी दारच बंद, त्याच्या नकाराला कोण विचारतो? नकार द्यायलाही आधी हक्क लागतो. महारांची मागणी वरवर बंदुकीची होती. तिच्या मुळाशी होतं ते ‘जन्मावरून आमची लायकी ठरवू नका’ हे म्हणणं.

हे फक्त आपल्याकडेच घडलं असं नाही. मलायात इंग्रजांनी १९३३ मध्ये पंचवीस मलय तरुणांची ‘प्रायोगिक’ तुकडी काढली. मलय माणूस शिपाई होऊ शकतो का, हे तपासायला! फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूरच्या बुकित चांदू टेकडीवर त्याच मलय रेजिमेंटचे जवान लेफ्टनंट अदनान यांच्यासोबत जपान्यांशी अखेरपर्यंत लढले. उत्तर मिळालं. पण माणसाची लायकी सिद्ध करायला त्याला मरावं लागावं, यात लाज कोणाची?

इथे दुसरा, जास्त खोल आक्षेप येतो. शौर्य हेच प्रतिष्ठेचं माप मानलं, तर ‘लढाऊ जात’ ही कल्पना आपण फक्त आपल्या बाजूने वळवली, मोडली नाही. जो लढणार नाही त्याचं काय?

याचं उत्तर नागपूरनेच पाहिलं आहे. रेजिमेंटचा आग्रह धरणाऱ्या त्याच माणसाने १४ ऑक्टोबर १९५६ रोजी इथे लाखोंसह करुणेचा धम्म स्वीकारला. मला यात विसंगती दिसत नाही. शस्त्र हिरावून घेतलेल्याची अहिंसा ही नाइलाज असते. शस्त्र हाती असताना पत्करलेली अहिंसा ही निवड असते. आणि तिथे मिळणाऱ्या प्रतिष्ठेला शौर्याचा दाखला लागत नाही.

१९४७ मध्ये याच रेजिमेंटच्या जवानांनी पंजाबात निर्वासितांच्या काफिल्यांना संरक्षण दिलं. पुढे तिची दारं सगळ्या जातींना उघडली. तरी जुना युक्तिवाद मेलेला नाही. २०२० मध्ये महिला अधिकाऱ्यांच्या कायम कमिशनवर सुप्रीम कोर्टात वाद झाला, तेव्हा खेड्यातून आलेले जवान बाईचं नेतृत्व मनाने स्वीकारणार नाहीत, असं सरकारतर्फे सांगितलं गेलं. कोर्टाने ते मानलं नाही. ‘लोक अजून तयार नाहीत’ हे कारण पुढच्या वेळी तुमच्या ऑफिसात, कॉलेजात किंवा घरात ऐकाल, तेव्हा एवढंच विचारा: तयार कोणी व्हायचं आहे, आणि थांबवलं कोणाला जातंय?