ओठांवरची शपथ

‘अल्लाहची शपथ, काय ऊन आहे!’ अशी वाक्ये दिवसभरात आपल्या तोंडून किती वेळा निघतात, हे आपल्यालाही ठाऊक नसते. पापणी लवावी तशी जीभ वळते. याचाही जाब द्यावा लागेल काय?

दिव्य कुरआनने (सूरह अल्-बकरा, आयत 225) स्पष्ट केले आहे की, सहज निघालेल्या निरर्थक शपथांबद्दल अल्लाह पकडत नाही. अंतःकरणाने जे कमावले, त्याबद्दल पकडतो. जाणूनबुजून घेतलेली शपथ मोडली, तर मात्र कफ्फारा आहे: दहा गोरगरिबांना जेवण किंवा कपडे, ऐपत नसल्यास तीन रोजे.

केवढी ही दया! म्हणून ज्या मुलाचे डोळे किंवा खांदे आपोआप उडतात, त्याला रागावू नका, हसू नका. ते त्याच्या हाती नाही.

सवयीचे मात्र तसे नाही. ती ध्यानात आली, की आपल्या हाती आली. माफी म्हणजे मोकळीक नव्हे. ज्या नावाने काळीज थरथरावे, ते भाजीच्या भावासाठी खर्चायचे?

प्रिय वाचकहो, आजच घरच्यांना सांगा, ‘माझ्या तोंडून विनाकारण शपथ निघाली, तर मला टोका.’ आणि लहानग्याने टोकले, तर रागावू नका.