न वटलेला चेक

खोटं बोलू नये, हे मला ज्या आईने शिकवलं, तिनेच मला टॉन्सिल काढायला नेताना "काही दुखणार नाही, डॉक्टर नुसता घसा बघणार आहेत" असं सांगितलं होतं. साल 1987. शुद्धीवर आलो तेव्हा घशात निखारा आणि समोर आइस्क्रीम. म्हणजे अगदीच फसवणूक म्हणता येणार नाही; मुद्दल बुडालं, पण व्याज मिळालं.

हीच घराण्याची परंपरा मी पुढे चालवली. आमचे चिरंजीव पाच वर्षांचे झाले आणि त्रिगुणी लशीचा बूस्टर देय झाला. (आमच्याकडे हप्ते देय होतात तसा.) "बागेत जायचं?" म्हणून त्यांना स्कूटरवर पुढे उभं केलं आणि स्कूटर दवाखान्यापुढे थांबवली. आत सुई दिसल्यावर प्रश्न आला, "दुखेल?"

"छे! मुंगी चावल्यासारखं."

ज्या गृहस्थांना आयुष्यात एकदाच मुंगी चावली आणि त्या वेळी ज्यांनी सगळी बिल्डिंग डोक्यावर घेतली, त्यांना हा दिलासा मी का दिला, देव जाणे!

सुई गेली, तो रडला. ते ठीकच. पण रडण्याआधी क्षणभर त्याने माझ्याकडे पाहिलं. वीस वर्षं काउंटरमागे बसलोय, ती नजर मी ओळखतो. नोट उजेडात धरून बघतात ना, तशी.

पुढच्या रविवारी मी खरोखरच बागेत निघालो. "चल रे, बागेत!" म्हटल्याबरोबर चिरंजीवांनी बाही मनगटापर्यंत ओढली आणि ते पलंगाखाली गेले.

चेक वटला नाही तर कलम 138 खाली दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बापाचा शब्द वटला नाही तर कसलंच कलम नाही. नुसतं खातं बंद होतं.

मी पडलो कॉमर्सचा. नीतिशास्त्राचा आणि माझा संबंध पासबुकापुरता. तरी त्या रात्री झोप येईना. द्रोणाचार्यांपुढे धर्मराजाने एकदाच शब्दांची चलाखी केली, तर चार बोटं अधांतरी चालणारा त्याचा रथ जमिनीला टेकला म्हणतात. माझी स्कूटर मुळातच जमिनीवर. शिवाय मी खोटं बोललो ते पोराच्या भल्यासाठी. पण भलं झालं कुणाचं? लस तर खरं सांगूनही टोचता आली असती. टळलं ते फक्त रस्त्यातलं रडणं, आणि ते टळल्याचा फायदा सगळा माझ्या खात्यात.

पावसाळ्यात त्याला ताप आला आणि रक्त तपासायची वेळ आली. या खेपेला मी आधी डॉक्टरीणबाईंना शरण गेलो. लस टोचताना दुखणं कमी कसं करावं, यावर जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली चक्क एक निवेदन काढलंय म्हणे. आईबापांनी जवळ राहावं, मुलाला आडवं न पाडता बसवावं, लहानांचं लक्ष दुसरीकडे वळवावं आणि खोटा दिलासा देऊ नये. "रक्त काढतानाही तेच करा," म्हणाल्या. 'खोटा दिलासा' म्हणताना बाईंनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

घरी येऊन मी सांगून टाकलं, "उद्या सुई आहे. दुखेल."

"किती?"

हा प्रश्न मला अपेक्षित नव्हता. मी म्हटलं, "चिमट्याएवढं." त्याने ताबडतोब माझ्या दंडाला चिमटा काढला. "एवढं?" "थोडं जास्त." पुन्हा काढला. "एवढं?" सौ. आतून म्हणाली, "लवकर हो म्हणा, नाहीतर तुम्हालाच ड्रेसिंग करावं लागेल." दुसऱ्या दिवशी तो माझ्या मांडीवर बसून, बोटं गच्च धरून, मोकळेपणी रडला. बाहेर आल्यावर म्हणाला, "तुझ्या चिमट्याएवढंच होतं." आणि स्कूटरवर चढला, बाही वरच ठेवून.

दिवाळीनंतर आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. आदल्या रात्री तिने विचारलं, "खरं सांग रे, दुखतं का?"

हल्ली डोळ्यात थेंब घालून बधिर करतात, फारसं कळतही नाही. म्हणून मी अगदी खरं तेच सांगितलं, "नाही गं आई."

आई म्हणाली, "तुझ्या टॉन्सिलच्या वेळी मीही हेच म्हटलं होतं."

मी गप्प. चिरंजीव तिच्या पलंगावर चढले. "आजी, हात पुढे कर," म्हणाले. "मी दाखवतो किती ते."

आणि आईने निमूटपणे हात पुढे केला.