जब्याचं लपणं

नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ हा चित्रपट 2014 च्या फेब्रुवारीत प्रदर्शित झाला. त्यातला जब्या काळ्या चिमणीमागे रानोमाळ धावतो. तिची राख त्याला आवडणाऱ्या शालूवर टाकली की शालू आपली होईल, अशी त्याची समजूत. गावातल्या रखरखीत वास्तवात ही चिमणी एखाद्या स्वप्नासारखी भिरभिरत राहते.

मला मात्र बोचतं ते त्याचं लपणं. शाळेजवळ घरचे सगळे डुकरं पकडायला धावतायत, वर्गातली मुलं खिदळतायत आणि हा कैकाडी पोरगा आडोशाला अंग चोरून बसलाय. बाप हाका मारतोय, तरी पाय उचलत नाही. आपल्याच माणसांची लाज वाटायला लावणारा एकटेपणा फार क्रूर असतो. शेवटी जब्या चिडवणाऱ्यांवर दगड उचलतो. त्यात राग आहेच. पण ‘यापुढे मी लपणार नाही’, हेही मला त्यात दिसतं.

हे लपणं फक्त पडद्यावर नाही, आपल्या भागातही आहे. फाळणीनंतर सिंधी निर्वासित उल्हासनगरच्या लष्करी बराकींत आले. अंबरनाथला कारखान्यांनी माणसं आणली, बदलापूरला परवडणाऱ्या घरांनी. आपण सगळेच कुठून कुठून आलेलो. तरीही ओळख होताच आडनाव विचारतो, आणि एखादं मूल वडिलांचं काम सांगताना अडखळतं.

शिक्षकांनो, पालकांनो, अशा वेळी वर्गात, सोसायटीत कुणी हसलं, तर त्याला तिथल्या तिथे थांबवा. त्या मुलाला पुढे बोलू द्या.