उत्तर युरोपातील वसंतविधी आणि प्राचीनत्वाचे प्रामाण्य

स्कँडिनेव्हिया व आइसलँडमधील नॉर्स लोक आणि आयर्लंड-स्कॉटलंडमधील केल्टिक भाषा बोलणारे लोक ख्रिस्ती होण्यापूर्वी वसंतात कोणते सण पाळीत असत, हा प्रश्न वरवर लोकसंस्कृतीच्या अभ्यासातला वाटला, तरी त्याच्या पोटात धर्मविचारातला एक जुना पेच दडलेला आहे. एखाद्या विधीला अधिकार प्राप्त होतो, तो त्याच्या प्राचीनत्वामुळे की तो ज्या गरजेपोटी केला जातो तिच्यामुळे? विसाव्या शतकात हे जुने धर्म पुन्हा आचरणात आणणारे पंथ युरोप-अमेरिकेत उभे राहिले आणि त्यांच्यातील अनेकांनी आपल्या सणांची नाळ थेट हजार-दोन हजार वर्षांमागे नेऊन जोडली. त्यामुळे हा पेच आज पंडितांपुरता उरलेला नाही.

पहिली अडचण पुराव्याची आहे. केल्टिक समाजातील पुरोहितवर्ग, म्हणजे ड्रुइड, यांनी आपले विधी लिहून ठेवले नाहीत आणि नॉर्स लोकांच्या रून लिपीतील कोरीव लेखांतही विधींचे सविस्तर वर्णन नाही. जे काही हाती लागते ते जवळजवळ सगळे ख्रिस्ती लेखकांच्या लेखणीतून, आणि बहुधा धर्मांतरानंतर पुष्कळ काळाने, उतरलेले आहे. आइसलँडने १००० सालाच्या सुमारास ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तर तेथील इतिहासकार स्नोरी स्तुर्लुसोन याने नॉर्वेच्या राजांचा इतिहास रचला तो तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात. दोनशेहून अधिक वर्षांचे हे अंतर नजरेआड करून कोणतेही ठाम विधान करणे धाडसाचे ठरते.

या अडचणीचे सर्वांत बोलके उदाहरण एओस्त्रे या देवीचे आहे. इंग्लंडमधील बीड या विद्वान मठवासीयाने ७२५ साली कालगणनेवर लिहिलेल्या ग्रंथात, साधारण एप्रिलशी जुळणाऱ्या एका महिन्याला अँग्लो-सॅक्सन लोक या देवीचे नाव देत आणि त्या महिन्यात तिचे उत्सव करीत, एवढे त्रोटक सांगितले आहे. तिचे रूप, तिची कथा, तिचा विधी यांबद्दल तो काहीच सांगत नाही. पुढे १८३५ मध्ये याकोब ग्रिमने जर्मन पुराणकथांवरील आपल्या ग्रंथात याच आधारावर ओस्तारा नावाच्या जर्मन देवीची कल्पना मांडली आणि त्यानंतरच्या लेखकांनी तिच्या हातात अंडी व पायाशी ससा आणून ठेवला. वास्तविक अंडी आणणाऱ्या सशाचा उल्लेख जर्मन प्रदेशात सतराव्या शतकात आढळतो आणि त्यात कोणत्याही देवीचा संबंध नाही. तरीही बीडचे विधान पूर्णपणे मोडीत काढणे योग्य नाही. निष्ठावंत ख्रिस्ती मठवासीयाला एक मूर्तिपूजक देवी कल्पनेने निर्माण करण्याचे काही कारण नव्हते. शिवाय १९५८ मध्ये जर्मनीत मोर्केन-हार्फजवळ रोमन काळातील दीडशेहून अधिक लेख सापडले, त्यांतील मातृदेवतांचे नाव एओस्त्रेच्या नावाशी जवळचे आहे. देवी असावी, ससा मात्र नंतरचा, एवढाच निष्कर्ष आजच्या पुराव्यातून निघतो.

मराठी वाचकाच्या मनात वसंत म्हटला की आंब्याचा मोहोर आणि कोकिळेचे कूजन येते. ती कल्पना उत्तरेकडे नेता येत नाही. जुन्या नॉर्स पंचांगात वर्षाचे मुख्य भाग दोनच, हिवाळा आणि उन्हाळा. बीडनेही अँग्लो-सॅक्सन वर्षाची हीच विभागणी दिली आहे. स्नोरीच्या सांगण्यानुसार ओडिन या देवाने वर्षातून तीन ब्लोत, म्हणजे बळी देऊन करावयाचे यज्ञासारखे विधी, लावून दिले होते : हिवाळ्याच्या आरंभी वर्ष चांगले जावे म्हणून, मध्य हिवाळ्यात पीक यावे म्हणून आणि उन्हाळा लागताना विजय मिळावा म्हणून. वसंतातले मागणे फुलांचे नाही, विजयाचे आहे, कारण बर्फ वितळले की जहाजे पाण्यात लोटण्याचे, व्यापाराचे आणि लुटीच्या स्वाऱ्यांचे दिवस सुरू होत आणि त्यांतून किती माणसे परत येतील, याची शाश्वती नसे.

केल्टिक बाजूला हीच चिंता गुराढोरांच्या रूपाने दिसते. मध्ययुगीन आयरिश वाङ्मयात वर्षाचे चार टप्पे येतात आणि त्यांपैकी वसंताशी संबंधित दोन, १ फेब्रुवारीचा इम्बोल्क आणि १ मेचा बेल्टेन. इम्बोल्क हा मेंढ्यांना दूध उतरण्याच्या काळाचा सण आहे. तो पुढे संत ब्रिगिडच्या दिवसात मिसळून गेला. बेल्टेनविषयी इ.स. ९०० च्या सुमारास संकलित झालेला आणि कॉर्मक या बिशपच्या नावावर असलेला शब्दकोश सांगतो, की ड्रुइड मंत्र म्हणत दोन अग्नी पेटवीत आणि वर्षभराच्या रोगांपासून रक्षण व्हावे म्हणून त्या दोहोंच्या मधून गुरे हाकीत. उन्हाळी कुरणांकडे गुरे निघण्याची ही वेळ असे आणि त्यांच्यावरच घराचे वर्ष अवलंबून असे.

याच सणाचे फार पुढच्या काळातले एक वर्णन थॉमस पेनंट या प्रवाशाने १७६९ मधील आपल्या स्कॉटलंडच्या दौऱ्याच्या वृत्तांतात दिले आहे आणि ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. डोंगराळ भागातील गुराखी जमिनीत चौकोनी चर खणून मधल्या हिरवळीवर जाळ करीत आणि त्यावर अंडी, लोणी, ओटचे पीठ व दूध यांचे दाट पेय शिजवीत. त्यातले थोडे आधी जमिनीवर सांडले जाई. मग प्रत्येक जण ओटची एक भाकरी हातात घेई, जिच्यावर नऊ चौकोनी उंचवटे काढलेले असत. अग्नीकडे तोंड करून तो एकेक उंचवटा मोडी आणि खांद्यावरून मागे फेकी, आधी घोडे व मेंढ्या राखणाऱ्या शक्तींच्या नावाने आणि नंतर कोल्हा, कावळा, गरुड यांच्या नावाने, की त्यांनी कोकरांना हात लावू नये.

हे गुराखी ख्रिस्ती होते, त्यामुळे हा विधी जसाच्या तसा ड्रुइडांच्या काळातून आला, असे म्हणता येत नाही. परंतु त्यातील धर्मभावना स्पष्ट आहे. राखणाऱ्याला आणि भक्षकाला एकाच भाकरीतून वाटा मिळतो, कारण सृष्टी जे देते आणि जे हिरावून नेते ते दोन्ही एकाच व्यवस्थेचे भाग आहेत, ही जाणीव त्यामागे आहे. सह्याद्रीतल्या वाघबारशीला गुरे राखणारी माणसे वाघदेवाला नैवेद्य दाखवितात, त्यामागील भाव याहून वेगळा नाही. तेथे इतिहासाचा धागा शोधण्याची गरज नाही, कारण जित्राबांवर जगणाऱ्या माणसाची काळजी दोन्हीकडे सारखीच आहे. निसर्ग म्हणजे केवळ मंगल, अशी जी समजूत आजच्या वसंतोत्सवांत आढळते, तिच्यापेक्षा ही भावना अधिक खोल आणि अधिक प्रामाणिक आहे.

आता मूळ पेचाकडे वळता येईल. आजचे अनेक नवे पंथ आठ सणांचे एक वर्षचक्र पाळतात. मात्र हे चक्र या स्वरूपात विसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडमध्ये जुळविले गेले आणि वसंतसंपाताच्या सणाला ओस्तारा हे नाव एडन केली या अमेरिकन लेखकाने १९७० च्या दशकात दिले. एडिंबरोच्या कॅल्टन टेकडीवरील बेल्टेनचा अग्निउत्सव १९८८ पासूनचा आहे. या तारखांमुळे ते सण खोटे ठरत नाहीत, कारण प्रत्येक परंपरेला कधी तरी पहिला दिवस असतोच. त्या तारखा लपविणे मात्र खोटेपणाचे आहे. प्राचीनत्वाची उसनी झूल पांघरणाऱ्या विधीने आपल्या आजच्या अर्थावरचा विश्वास आधीच गमावलेला असतो. या बाबतीत जुना नॉर्स धर्म पुन्हा आचरणात आणणाऱ्या आइसलँडमधील आसात्रू संघटनेचे उदाहरण अधिक स्वच्छ आहे. जुन्या पंचांगातील उन्हाळ्याच्या पहिल्या दिवशी, १९७२ साली, ती स्थापन झाली, १९७३ मध्ये तिला शासनाची मान्यता मिळाली आणि एप्रिलमधील गुरुवारी येणारा तो पहिला दिवस आजही त्या देशात सार्वजनिक सुट्टीचा आहे.