शिसे, कांसे आणि चर्चचे मोल

लुटलेली वस्तू लुटणाऱ्याकडूनच पैसे मोजून परत घ्यावी काय? नीतिशास्त्राच्या पुस्तकात याचे उत्तर चटकन सापडते : असा घेणारा लुटीस हातभार लावतो. परंतु इंग्लंडमधील ट्यूक्सबरी या नदीकाठच्या बाजारगावी हा प्रश्न एका संपूर्ण धर्मग्रामापुढे उभा राहिला, आणि ती वस्तू होती त्यांचे चर्च.

सेव्हर्न आणि एव्हन या नद्यांच्या संगमाशी ट्यूक्सबरी वसले आहे. भोवती पूर येणारी कुरणे, त्यामुळे गावाला हातपाय पसरण्यास जागा नाही. लाकडी चौकटीची घरे एकमेकांस खेटून उभी आणि त्यांच्यामधून अरुंद बोळ गेलेले. पीठगिरणी, बाजार, होड्यांची ये-जा आणि शेक्सपिअरच्या नाटकात जिचा उल्लेख आला ती येथील घट्ट मोहरी, असा हा गावाचा संसार. या सर्वांवर बेनेडिक्टाइन मठाच्या चर्चचा भव्य नॉर्मन मनोरा. त्याचा दगड नॉर्मंडीतील कान येथून जलमार्गाने आणलेला. ११२१ साली या चर्चचे पवित्रीकरण झाले. एका छपराखाली जणू दोन घरे होती : पूर्वेकडे मठवासी आपल्या प्रार्थना गात, पश्चिमेकडील लांब दालन गावकऱ्यांचे.

या छपराचे पावित्र्य सर्वांनी सदैव राखले असे मात्र नाही. ४ मे १४७१ रोजी गावाबाहेर यॉर्क आणि लँकेस्टर पक्षांची लढाई झाली. पराभूतांनी चर्चचा आसरा घेतला. दोन दिवसांनी त्यांच्या सरदारांचा बाजारचौकात शिरच्छेद झाला, आणि रक्ताने विटाळलेले चर्च पुन्हा पवित्र करावे लागले.

पुढे आठव्या हेन्रीने मठ बंद करण्याचा सपाटा लावला. ग्लॅस्टनबरीचे वृद्ध मठाधिपती रिचर्ड व्हायटिंग यांना नोव्हेंबर १५३९ मध्ये फासावर चढविण्यात आले. ९ जानेवारी १५४० रोजी ट्यूक्सबरीचे मठाधिपती जॉन वेकमन यांनी आपला मठ राजाच्या स्वाधीन केला. १५४१ साली राजाने त्यांना ग्लॉस्टरचे पहिले बिशप नेमले. यावर अधिक भाष्य करण्याची आम्हांस गरज वाटत नाही.

राजाच्या अधिकाऱ्यांनी चर्चची नोंद अनावश्यक इमारतींत केली. गावकरी म्हणाले, दालन तर आमचेच आहे. उरलेला भाग आम्हांस विकत द्या. छपराचे शिसे आणि घंटांचे कांसे यांचा भाव धरून किंमत ठरली : ४५३ पौंड. खांब, कमानी, रंगीत काचा, चार शतकांची मिस्सा यांना हिशेबात स्थान नव्हते. (आमच्याही चर्चदुरुस्तीच्या सभांत पत्रे आणि लाद्यांचेच भाव आधी निघतात, हे येथे सांगून टाकलेले बरे.)

गावकऱ्यांनी पैसे भरले. त्यांनी राजाची लूट मान्य केली, असा आक्षेप कोणी घेईल. आम्हांस तो पटत नाही. ११९८ साली तिसऱ्या इनोसंट पोपमहोदयांनी मान्यता दिलेला त्रिनितेरियन संघ कैदी ख्रिस्ती बांधवांना सोडविण्यासाठी खंडणी भरत असे. त्यांना गुलामांचे व्यापारी कोणी म्हटले नाही. लाभासाठी घेणे आणि सुटकेसाठी घेणे यांत नाणे तेच असले, तरी कृत्य एक नव्हे.

तथापि हेतू सर्वस्वी निर्मळ होता, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. एव्हनच्या वरच्या अंगास ईव्हशम हे गाव आहे. तेथील मोठा मठही त्याच महिन्यात बंद झाला. पण तेथे मठाच्या आवारालगतच गावकऱ्यांची दोन चर्चे होती. मठाच्या चर्चवाचून त्यांचे अडत नव्हते. ते पाडले गेले आणि आज एकटा घंटामनोरा उभा आहे. ट्यूक्सबरीकरांना दुसरे चर्च नव्हते. शिवाय त्यांच्याही चर्चच्या पूर्व टोकाचे पवित्र मरियामातेचे प्रार्थनालय वाचले नाही. भक्ती आणि गरज यांची सरमिसळ त्यांच्या थैलीत होती, जशी ती आपल्याही दानपेटीत असते.

खरा जड आक्षेप निराळाच आहे. त्यांनी सोडविले ते काय? १५४९ साली इंग्रजी प्रार्थनापुस्तक सक्तीचे झाले आणि लॅटिन मिस्सा थांबली. व्हायटिंग यांना १८९५ साली ख्रिस्तसभेने धन्यवादित घोषित केले. त्यांच्या मठाचे भग्नावशेष उरले आहेत. ट्यूक्सबरीचे चर्च अखंड आहे, पण तेथे अँग्लिकन धर्मग्राम उपासना करतो आणि गावातील कॅथलिक कुटुंबांचे चर्च वेगळे आहे. मग भिंतींसाठी झिजणे व्यर्थ म्हणावे काय? रक्तसाक्ष्य देण्याची कृपा सर्वांस लाभत नाही. पीठ दळणाऱ्याने आणि मोहरी विकणाऱ्याने जवळचे पैसे दिले. त्या छपराखाली उद्या काय गायिले जाईल, हे ठरविणे त्यांच्या हाती नव्हते. छप्पर राखणे मात्र होते.

१५५३ साली मेरी राणी गादीवर आली आणि इंग्लंडच्या धर्मग्रामांत मिस्सा परतली. १५५९ च्या कायद्याने ती पुन्हा बंद झाली. मधली पाच-सहा वर्षे ट्यूक्सबरीला वेदीसाठी छप्पर शोधावे लागले नाही. ज्यांनी ४५३ पौंडांत आपला वाटा घातला होता, त्यांपैकी काही वृद्ध तेव्हा हयात असावेत.